स्टँडिंग वेव्हमधली एनर्जी: कुठे, कधी, किती, ते काढायची नीट पद्धत

"नोड हलत नाही म्हणून तिथे एनर्जी शून्य, अँटीनोड सगळ्यात जास्त हलतो म्हणून सगळी एनर्जी तिथे." (स्टँडिंग वेव्ह म्हणजे उलट दिशांनी जाणाऱ्या दोन सारख्या वेव्हज मिसळून जागच्या जागी हलणारी वेव्ह; तिच्यातला न हलणारा बिंदू नोड, सगळ्यात जास्त हलणारा अँटीनोड, आणि दोन नोडमधला फुगीर भाग म्हणजे लूप.) बारावीच्या वह्यांपासून बीएस्सीच्या जर्नलपर्यंत हे वाक्य इतक्या वेळा दिसतं की खोडायचाही कंटाळा येतो. आणि गोची अशी आहे की ही समजूत धरून गणित केलं तरी पूर्ण दोरीची एकूण एनर्जी बरोब्बर येते, मार्क मिळतात, आणि चूक तशीच पुढच्या वर्षात जाते. त्यामुळे इथे एकूण आकड्याच्या मागे न लागता दोरीच्या कुठल्या तुकड्यात कुठल्या क्षणी किती एनर्जी आहे ते काढायचा क्रम देतोय. उदाहरण दोन्ही टोकांना धरलेल्या दोरीचं, एका टोकाला ती हलवणारा व्हायब्रेटर, दुसऱ्याकडून पारड्यात वजनं टांगून ताणलेली, तीन लूप पडलेले. आवाज आणि मायक्रोवेव्ह शेवटी थोडक्यात.

## १. तयारी: चिन्हं आणि मोजमाप आधी सरळ करा

पहिलं काम म्हणजे वहीत एकच अक्षर तीन कामांना वापरायचं बंद करा. ताण, पिरिअड (एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ) आणि नुसती वेळ तिन्हीला टी लिहिलं की चौथ्या ओळीत कोणता टी कुठला ते तुम्हालाच कळत नाही. इथे ताणाला सरळ "ताण" म्हणतोय आणि टी फक्त वेळेसाठी.

आता मोजायच्या गोष्टी.

दोऱ्याचं दर मीटरला वजन, म्हणजे म्यू. एक मीटर दोरा कापून वजनकाट्यावर टाकू नका. साधा शिवणकामातला जाड दोरा मीटरला अर्धा ग्रॅम धरला आणि काटा ०.१ ग्रॅमचा असला तर तिथेच २० टक्के चूक बसते. दहा मीटर घ्या, वजन करा, दहाने भागा, चूक २ टक्क्यांवर येते.

ताण काढताना पारड्याचं वजन धरायचं. हे सांगायला नको असं वाटतं, पण दरवर्षी कोणीतरी विसरतंच. आपल्या उदाहरणात पारड्यासकट ८२ ग्रॅम टांगलेत, म्हणजे ताण साधारण ०.८ न्यूटन.

लॅम्डा, म्हणजे वेव्हलेंग्थ, मोजताना मधले लूप घ्या, व्हायब्रेटरच्या टोकाचा लूप नको, कारण ते टोक स्वतःच थोडं हलत असतं आणि खरा नोड त्याच्या जरा बाजूला पडतो. दोन लगतच्या नोडमधलं अंतर ४० सेंटीमीटर असेल तर लॅम्डा ८० सेंटीमीटर. एका लूपला पूर्ण लॅम्डा धरणारे पण भेटतात.

अँप्लिट्यूड, म्हणजे ए. दोरा हलताना जो धूसर फुगीर पट्टा दिसतो त्याची पूर्ण रुंदी ए नसते, दोन ए असते. पट्टा २ सेंटीमीटर रुंद तर ए = १ सेंटीमीटर. एनर्जीत ए-वर्ग येतो, त्यामुळे इथे चुकलात की उत्तर चौपट.

फ्रिक्वेन्सी. मेल्डेचा प्रयोग (ट्यूनिंग फोर्कला दोरा बांधून लूप पाडायचा) करत असाल तर आधी मांडणी बघा. फोर्कची हालचाल दोऱ्याला काटकोनात असेल तर दोऱ्याची फ्रिक्वेन्सी फोर्कइतकीच, आणि दोऱ्याच्या दिशेने असेल तर फोर्कच्या निम्मी. सोनोमीटरवर (पेटीवर ताणलेल्या तारेचं उपकरण) एसी वापरताय तर अजून एक भानगड: तारेतून ५० हर्ट्झचा एसी सोडून बाजूला मॅग्नेट ठेवला तर तार ५० ने हलते, पण लोखंडी तारेवर एसीचा इलेक्ट्रोमॅग्नेट धरला तर तो दर सायकलला दोनदा ओढतो, तार १०० ने हलते.

तपासा: ताण भागिले म्यू, त्याचं वर्गमूळ म्हणजे वेव्हचा वेग. ०.८ भागिले ०.०००५ = १६००, वर्गमूळ ४० मीटर दर सेकंद. वेग भागिले लॅम्डा = ४० भागिले ०.८ = ५० हर्ट्झ. हा आकडा तुमच्या व्हायब्रेटरच्या फ्रिक्वेन्सीशी जुळला तरच पुढे जा. निम्मा किंवा दुप्पट येत असेल तर वरची फोर्कची किंवा मॅग्नेटची भानगड आहे, नाहीतर लूपलाच लॅम्डा धरलंय.

## २. समीकरण लिहा, आणि ए कोणाचा ते बाजूला लिहून ठेवा

वाय = ए × साइन(के एक्स) × कॉस(ओमेगा टी)

वाय म्हणजे दोऱ्याचा कण मधल्या रेषेपासून किती सरकलाय ते, एक्स म्हणजे दोऱ्यावरची जागा. एक्स = ० ला नोड, टी = ० ला दोरा पूर्ण ताणलेल्या टोकाच्या स्थितीत. के म्हणजे २ पाय भागिले लॅम्डा, ओमेगा म्हणजे २ पाय गुणिले फ्रिक्वेन्सी.

हा ए अँटीनोडचा आहे. उजवीकडे जाणारी आणि डावीकडे जाणारी अशा ज्या दोन वेव्हज मिळून हे बनतं त्या प्रत्येकीचा अँप्लिट्यूड ए च्या निम्मा. पुस्तकात कधी २ए साइन असं लिहिलेलं असतं, तिथे ए एका वेव्हचा. दोन पुस्तकं उघडी ठेवून सूत्रं उचलली की इथेच खिचडी होते.

## ३. कायनेटिक एनर्जी काढा

हा सोपा भाग. दर मीटरला कायनेटिक एनर्जी म्हणजे १/२ × म्यू × कणाच्या वेगाचा वर्ग. वाय चं टी ने डिफरन्शिएशन करा, वर्ग करा, मिळतं:

कायनेटिक = यू × साइन-वर्ग(के एक्स) × साइन-वर्ग(ओमेगा टी)

यू = १/२ × म्यू × ओमेगा-वर्ग × ए-वर्ग

आपल्या आकड्यांनी यू = २.४७ मिलिज्यूल दर मीटर. नोडवर हे कायम शून्य, अँटीनोडवर दोरा मधल्या रेषेतून जाताना सगळ्यात जास्त. लोक इथपर्यंत येतात आणि थांबतात. "नोडला शून्य" हे याच ओळीतून आलंय, आणि ते फक्त कायनेटिकपुरतं खरं आहे.

## ४. पोटेन्शियल एनर्जी काढा: वाय वरून नाही, स्लोपवरून

सगळ्यात जास्त गडबड या पायरीला होते म्हणून जरा सावकाश.

बरेच जण काय करतात, तर प्रत्येक कण एसएचएम (सिंपल हार्मोनिक मोशन, स्प्रिंगला बांधल्यासारखी हालचाल) करतोय ना, मग त्याची पोटेन्शियल १/२ × म्यू × ओमेगा-वर्ग × वाय-वर्ग, कायनेटिकमध्ये मिळवा, बेरीज यू साइन-वर्ग(के एक्स), संपलं. दिसायला एकदम नीटनेटकं. पण यात तुम्ही गुपचूप असं धरलंत की प्रत्येक कण आपापल्या वेगळ्या स्प्रिंगने मधल्या रेषेला बांधलाय. तशी स्प्रिंग कुठेच नाहीये. कणाला परत ओढतो तो शेजारच्या तुकड्यांचा ताण, आणि एनर्जी साठते ती दोरा ताणला जाण्यात.

दोरा कुठे ताणला जातो? जिथे तो तिरका होतो तिथे. छोटा तुकडा तिरका झाला की त्याची लांबी थोडी वाढते, ती वाढ दर मीटरला १/२ × स्लोप-वर्ग इतकी, तिला ताणाने गुणलं की झाली पोटेन्शियल एनर्जी:

पोटेन्शियल = १/२ × ताण × स्लोप-वर्ग = यू × कॉस-वर्ग(के एक्स) × कॉस-वर्ग(ओमेगा टी)

ताण × के-वर्ग आणि म्यू × ओमेगा-वर्ग एकच, म्हणून बाहेरचा यू तोच राहतो.

आता दोरा पूर्ण टोकाला गेलेला क्षण डोळ्यासमोर आणा. सगळा दोरा क्षणभर थांबलाय, कायनेटिक सगळीकडे शून्य. अँटीनोडचा तुकडा एक सेंटीमीटर वर आहे, पण तो आडवाच आहे, मूळ रेषेला समांतर, म्हणजे ताणलेला नाही, त्याच्यात त्या क्षणी काहीच नाही. आणि नोडचा तुकडा, जो जागेवरून हललाच नाही, तो सगळ्यात तिरका आहे, आणि दर मीटरला २.४७ मिलिज्यूल त्याच्यापाशी आहेत.

तपासा: के × ए काढा, नोडवरचा जास्तीत जास्त स्लोप तोच. आपल्याकडे ७.८५ × ०.०१ = ०.०७८, म्हणजे साडेचार अंश, चालेल. हा आकडा ०.२ च्या वर जायला लागला तर वरचं लांबी वाढायचं सूत्र ढिलं पडतं, ए कमी करा.

(खऱ्या दोऱ्यात ताण लांबीच्या दिशेनेही पळतो आणि पसरतो, ते आपण इथे सोडून दिलंय. फक्त आडव्या हालचालीचं मॉडेल. बीएस्सीपर्यंत हेच चालतं, आणि सहाव्या पायरीतल्या हिशोबाशी तेच जुळतं.)

## ५. बेरीज करा, मगच सरासरी घ्या

दोन्ही मिळवून सोडवलं की येतं:

एकूण = (यू / २) × [१ + कॉस(२ के एक्स) × कॉस(२ ओमेगा टी)]

या ओळीवर पाच मिनिटं घालवा, विषयाचा गाभा इथे आहे.

टी = ० ला एनर्जी नोडच्या आसपास गोळा झालेली. पाव पिरिअड नंतर, म्हणजे ५० हर्ट्झला ५ मिलिसेकंदांनी, दोरा सरळ झालेला आणि एनर्जी अँटीनोडच्या आसपास. बरोबर मध्ये, अष्टमांश पिरिअडला, कॉस(२ ओमेगा टी) शून्य होतो आणि दोऱ्यावर सगळीकडे एनर्जी अगदी सारखी पसरलेली असते. नोडपासून लॅम्डा/८ वर, आपल्याकडे १० सेंटीमीटरवर, जो बिंदू आहे तिथे तर ती कधी बदलतच नाही, कायम यू/२.

वेळेची सरासरी घेतली की कॉसवाला भाग उडतो आणि उरतं यू/२, एक्स गायबच. म्हणजे सरासरी एकूण एनर्जी नोडला, अँटीनोडला, मध्ये कुठेही सारखीच, १.२३ मिलिज्यूल दर मीटर. फरक फक्त प्रकारात, नोडला ती सगळी पोटेन्शियल, अँटीनोडला सगळी कायनेटिक.

एका लूपमध्ये ०.४ मीटर, म्हणजे ०.४९ मिलिज्यूल. तीन लूप, १.४८ मिलिज्यूल.

सावधान: चौथ्या पायरीतल्या चुकीच्या सूत्राने पूर्ण दोऱ्याची बेरीज करून बघा. साइन-वर्गाची सरासरी अर्धी, उत्तर परत १.४८. म्हणूनच एकूण आकडा जुळला याचा अर्थ वाटणी बरोबर आहे असा घेऊ नका. एमसीक्यूला चालून जाईल, "नोडजवळच्या ५ सेंटीमीटरमध्ये किती" असं विचारलं की पडाल.

दुसरी नेहमीची चूक, "अँप्लिट्यूड दुप्पट झाला म्हणजे एनर्जी चौपट, ही जास्तीची आली कुठून?" कुठूनच नाही आली. एका वेव्हची सरासरी १/२ × म्यू × ओमेगा-वर्ग × (ए/२)-वर्ग, अशा दोन, बेरीज १/४ × म्यू × ओमेगा-वर्ग × ए-वर्ग, आणि यू/२ पण तेवढंच. वहीत हे दोन ओळीत करून टाका, शंका कायमची जाते.

अजून एक. एनर्जी २ ओमेगाने हलते, ओमेगाने नाही. दोरा ५० ने हलतो, एनर्जीची ये-जा सेकंदाला १०० वेळा. ग्राफ काढताना पिरिअड निम्मा काढायचा.

## ६. एनर्जी कुठून कुठे जाते ते काढा

"स्टँडिंग वेव्हमधून एनर्जी वाहत नाही" असं एका ओळीत लिहिलेलं असतं ना, ते सरासरीपुरतं खरं. क्षणाक्षणाला ती वाहतेच, नाहीतर नोडची अँटीनोडला पोचणार कशी. एखाद्या बिंदूतून जाणारी पॉवर म्हणजे ऋण ताण × स्लोप × कणाचा वेग:

पॉवर = (ताण × के × ओमेगा × ए-वर्ग / ४) × साइन(२ के एक्स) × साइन(२ ओमेगा टी)

साइन(२ के एक्स) नोडला शून्य, आणि अँटीनोडलाही शून्य. नोडला वेग नाही म्हणून, अँटीनोडला स्लोप नाही म्हणून. म्हणजे प्रत्येक लॅम्डा/४ चा तुकडा, आपल्याकडे २० सेंटीमीटरचा, हा बंद दाराची खोली आहे. एनर्जी त्या खोलीतच इकडून तिकडे जाते, बाहेर पडत नाही. लोक लूपला बंद खोली समजतात, खोली त्याच्याही निम्मी असते.

आकडे घातले तर लॅम्डा/८ च्या बिंदूतून जास्तीत जास्त ४९ मिलिवॉट जातात. २० सेंटीमीटरच्या तुकड्यात एकूण ०.२४७ मिलिज्यूल, आणि पाव पिरिअडमध्ये त्यातले ०.१५७ नोडच्या अर्ध्यातून अँटीनोडच्या अर्ध्यात सरकतात. म्हणजे नोडकडच्या १० सेंटीमीटरमध्ये सुरुवातीला ८२ टक्के, पाव पिरिअडनंतर १८ टक्के. शंभरचे शून्य होत नाहीत, हे पण लक्षात ठेवा.

तपासा: तुमच्या एकूण एनर्जीचं टी ने डिफरन्शिएशन आणि पॉवरचं एक्स ने डिफरन्शिएशन, बेरीज शून्य यायला हवी. आली तर वाटणी बरोबर. एसएचएमवाल्या चुकीच्या सूत्राची वाटणी वेळेनुसार बदलतच नाही, म्हणजे त्यानुसार पॉवर सगळीकडे शून्य हवी, आणि ती तर नाहीये. चूक पकडायची खरी जागा ही.

## ७. खऱ्या दोऱ्यावर: नोड पूर्ण थांबत नाही

प्रयोगात नोडकडे जवळून बघा, मागे काळा कागद लावून टॉर्च आडवा मारा. नोड अगदी बारीकसा हलताना दिसतो. मांडणी बिघडली असं समजून वजनं बदलत बसू नका. हवा आणि दोऱ्यातलं घर्षण एनर्जी खातं, ती भरून काढायला व्हायब्रेटरकडून सतत थोडी येत राहते, आणि ती नोड ओलांडूनच पुढे जाणार. नोड पूर्ण थांबला असता तर पुढच्या लूपला काहीच मिळालं नसतं.

किती जाते तेही निघतं. अँटीनोडचा अँप्लिट्यूड आणि त्या नोडचा अँप्लिट्यूड मोजा, मग:

सरासरी पॉवर = १/२ × म्यू × ओमेगा-वर्ग × वेव्हचा वेग × (अँटीनोडचा) × (नोडचा)

नोडचा पट्टा १ मिलिमीटर रुंद, म्हणजे अँप्लिट्यूड अर्धा मिलिमीटर, तर उत्तर ४.९ मिलिवॉट. आतल्या आत ४९ पर्यंत हेलकावे आणि पुढे सरकतात फक्त ५ च्या आसपास. व्हायब्रेटरकडून लांबच्या टोकाकडे जाताना नोडचा पट्टा अजून अजून बारीक होत जातो, पुढे उरलेल्या लूपना जेवढं लागतं तेवढंच पुढे न्यायचं असतं म्हणून.

सावधान: हे मोजताना रेझोनन्सवर नेमकं बसा. घरी स्पीकरचा कोन (शंकूसारखा हलणारा पडदा) आणि मोबाइलवरचं टोन जनरेटर अ‍ॅप वापरत असाल तर अर्ध्या अर्ध्या हर्ट्झने सरकवून लूप जिथे सगळ्यात फुगतो तिथे थांबा. आवाज फुल करून अँप्लिट्यूड वाढवायचा मोह टाळा, दोरा एका पातळीत न हलता गोल फिरायला लागतो आणि मग वरची सूत्रं जशीच्या तशी लागत नाहीत.

## ८. आवाजाला हेच लावताना

नळीतल्या हवेला सगळं तसंच, फक्त स्लोपच्या जागी प्रेशर. हवा जिथे हलत नाही तिथे प्रेशर सगळ्यात जास्त वरखाली होतं, पोटेन्शियल तिथे. जिथे हवा जास्त हलते तिथे कायनेटिक.

चुका दोनच पण पक्क्या. एक, साधा मायक्रोफोन प्रेशर मोजतो, त्यामुळे तो नळीत सरकवत नेला की हालचालीच्या नोडला आवाज मोठा येतो, आणि लोक त्यालाच अँटीनोड लिहून मोकळे होतात. दोन, कुंड्टच्या नळीत (आत बारीक पावडर पसरलेली काचेची नळी, तिच्यात आवाजाची स्टँडिंग वेव्ह तयार करतात) पावडरचे ढीग हालचालीच्या नोडला जमतात, कारण बाकीच्या ठिकाणी हवा तिला हुसकते. पावडर तुम्हाला हवेच्या हालचालीबद्दल सांगते, एकूण एनर्जीबद्दल काही सांगत नाही.

उघड्या टोकाला ०.३ × आतला व्यास एवढी एंड करेक्शन (नळीच्या लांबीत मिळवायची दुरुस्ती) असते, ती नको असेल तर लागोपाठच्या दोन रेझोनन्समधलं अंतर घ्या, तेच लॅम्डा/२.

## ९. मायक्रोवेव्हमध्ये बघायचं असेल तर

इलेक्ट्रोमॅग्नेटिक स्टँडिंग वेव्हमध्ये इलेक्ट्रिक फील्डचे नोड आणि मॅग्नेटिक फील्डचे नोड एकमेकांपासून लॅम्डा/४ वर असतात, दोऱ्यातल्या पोटेन्शियल आणि कायनेटिकसारखेच. पण अन्न तापवतं ते इलेक्ट्रिक फील्ड, म्हणून एनर्जीची सरासरी वाटणी कशीही असली तरी जास्त तापलेले ठिपके पडतात इलेक्ट्रिकच्या अँटीनोडला. फोटोग्राफिक फिल्मही तशीच, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो वीनरने १८९० मध्ये दाखवलं होतं की ती इलेक्ट्रिक फील्डच्या अँटीनोडलाच काळी पडते.

करायचं असं: फिरती काच काढा, तिच्या खालच्या फिरणाऱ्या खुंटीवर मायक्रोवेव्हला चालणारा मोठा बाऊल उपडा ठेवा, तो खुंटीला टेकता कामा नये, वर सपाट ताटली. ताटली भरेल एवढे कच्चे उडदाचे पापड पसरा, १० सेकंद चालवा, बघा, परत १० सेकंद. काही ठिकाणी पापड पांढरा फुललेला आणि बाजूलाच कच्चा असं दिसायला लागलं की लगेच थांबा.

सावधान: सोनेरी कडेची ताटली नको, ठिणग्या उडतात. ओव्हन रिकामा चालवू नका. पापड काळा पडेपर्यंत तर अजिबात नाही.

फुललेल्या लगतच्या ठिपक्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. मागच्या लेबलवर २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, त्याचा लॅम्डा १२.२ सेंटीमीटर, म्हणजे ठिपके साधारण ६ सेंटीमीटरवर यायला हवेत. ओव्हन ही तीन दिशांची पेटी आहे, दोऱ्यासारखी एकाच दिशेची नाही, त्यामुळे काही जोड्या ५ वर, काही ७-८ वर मिळतील, चार-पाच जोड्या मोजून सरासरी घ्या. मग अंतर × २ × फ्रिक्वेन्सी केलं की प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटरच्या आसपास यायला हवा. दीड लाखाजवळ आला तर दोन ठिपक्यांमधल्या अंतरालाच लॅम्डा धरलंय.